नॉर्मल म्हणजे एमजीच ना? मेकॅनिक्सच्या गणितात अडकलोय

द्राक्षबाग

नमस्कार मंडळी. मी निफाड तालुक्यातला, नाशिकला एफवाय बीएस्सीला आहे, गंगापूर रोडला रूम करून राहतो. गेल्या आठवड्यात मेकॅनिक्सचा इंटर्नलचा पेपर हातात मिळाला आणि एका गणितात १० पैकी २ पडलेत. गणित तसं साधं होतं, २० किलोचा ठोकळा, दोरी जमिनीशी ३० अंशाचा कोन करून वरच्या बाजूला, ओढ ८० न्यूटन, घर्षणांक ०.३, त्वरण काढा. मी काय केलं, घर्षण म्हणजे मू (घर्षणांक) गुणिले एमजी (ठोकळ्याचं वजन), ०.३ गुणिले १९६, आलं ५८.८. दोरीचा आडवा भाग ८० कॉस ३० म्हणजे ६९.३. वजाबाकी १०.५, भागिले २०, उत्तर ०.५२. सरांनी लाल पेनने शेजारी फक्त "एन?" एवढंच लिहिलंय.

एन, म्हणजे नॉर्मल, जमीन ठोकळ्याला वर रेटते ते बल, म्हणजे एमजीच ना? बारावीपर्यंत वहीत, क्लासच्या नोट्समध्ये सगळीकडे तेच लिहीत आलो. आणि दुसरं म्हणजे मी असं पाठ केलंय की वजन ही क्रिया आणि नॉर्मल ही तिची प्रतिक्रिया, आणि प्रतिक्रिया समान असते हा तर न्यूटनचा तिसरा नियमच आहे, मग एन वेगळा येईलच कसा? दोन रात्री यावर घालवल्यात, कोणीतरी नीट समजावून सांगा प्लीज.

पंचवटीकर

द्राक्षबाग, प्रश्न अगदी मुळातला विचारलास, बरं वाटलं. मी तीस वर्षं हाच विषय शिकवला आणि दरवर्षी निम्मा वर्ग इथेच अडकायचा, त्यामुळे वाईट वाटून घेऊ नकोस.

ठोकळा सोड, तुझ्या घरचं घे. पिंपळगावला टोमॅटो जातो तो प्लास्टिकचा क्रेट, तोही भरून २० किलोचाच असतो. शेडमध्ये खाली ठेवलाय, त्याला दोरी बांधून तू उभा राहून ओढतोयस. दोरी तिरकी वर जाते. आता क्रेटला कोण कोण हात लावतंय ते बघ. पृथ्वी खाली ओढते, १९६ न्यूटन. दोरी तिरकी ओढते, म्हणजे ती क्रेटला पुढे तर ओढतेच पण थोडा उचलतेही, उचलण्याचा भाग ८० साइन ३० म्हणजे ४०. उरला फरशीचा भाग. क्रेट वर उडत नाहीये आणि फरशीत रुतत नाहीये, म्हणजे उभ्या दिशेत त्वरण शून्य. मग फरशीला किती रेटावं लागेल? १९६ वजा ४०, म्हणजे १५६. हा तुझा एन. ४० न्यूटनचा भार दोरीने उचलल्यावर फरशी तो परत कशाला उचलेल?

आता पुढे, घर्षण ०.३ गुणिले १५६ म्हणजे ४६.८. ६९.३ वजा ४६.८, उरले २२.५, भागिले २०, त्वरण १.१२. तुझ्या उत्तराच्या दुपटीहून जास्त.

आता तोच क्रेट त्याच ८० न्यूटनने, त्याच ३० अंशात, पण मागून खाली वाकून ढकल. आता तू त्याला फरशीवर दाबतोयस. एन झाला १९६ अधिक ४०, २३६. घर्षणाची मर्यादा ७०.८. आणि तुझा आडवा जोर तोच ६९.३. क्रेट हलणारच नाही! ओढला तर पळतो, ढकलला तर जागचा हलत नाही, बल तेवढंच. मार्केट यार्डात हमाल जड क्रेटची थप्पी आकड्याने का ओढतात ते बघ कधीतरी उभं राहून.

तुझा दुसरा प्रश्न. तिसऱ्या नियमातली जोडी कधीही एकाच वस्तूवर नसते, हे पक्कं धर. क्रेटचं वजन म्हणजे पृथ्वीने क्रेटला ओढणं, त्याची जोडी म्हणजे क्रेटने पृथ्वीला ओढणं. एन म्हणजे फरशीने क्रेटला वर रेटणं, त्याची जोडी म्हणजे क्रेटने फरशीला खाली रेटणं. वजन आणि एन दोन्ही क्रेटवरच लागतात, म्हणजे ती जोडी नव्हेच. कधी कधी दोन्ही सारखे येतात तो दुसऱ्या नियमाचा परिणाम, त्वरण शून्य आहे म्हणून, तिसऱ्याचा काही संबंध नाही. पुस्तकाखाली "क्रिया-प्रतिक्रिया" असे बाण काढलेली चित्रं मी स्वतः कितीतरी गाइडांत पाहिली आहेत आणि मला मनापासून राग येतो त्याचा, कारण ती चूक मुलांच्या डोक्यातून काढायला अख्खी टर्म जाते.

वाचनमात्र

+१. वाचनखूण साठवली.

द्राक्षबाग

सर, खूप खूप धन्यवाद, ढकलायचं उदाहरण वाचून डोक्यात लख्ख प्रकाश पडला. म्हणजे एन हा दिलेला नसतो, तो काढायचा असतो, असंच ना? अजून एक, घर्षण मात्र कायम मू एन घ्यायचं ना?

पंचवटीकर

पहिल्याला हो, अगदी तेच. एन हे उत्तर असतं. फरशी तिला लागेल तेवढंच रेटते, आधीपासून काही ठरवून बसलेली नसते.

दुसऱ्याला नाही. क्रेट सरकत असेल तेव्हाच मू एन. थांबलेला असेल तर घर्षणही फरशीसारखंच, लागेल तेवढंच, फक्त मू एनच्या पुढे जाऊ शकत नाही. क्रेटला आडवं २० न्यूटनने ओढलंस आणि तो हलला नाही तर घर्षण २०, ५८.८ नाही. ५८.८ असतं तर क्रेट उलटा तुझ्यापासून लांब पळाला असता.

सातपूर_शॉपफ्लोअर

मी सातपूरला एका कारखान्यात डिझाइनला आहे, फर्स्ट इयरला मलाही हाच विषय जड गेला होता म्हणून लिहितेय. एक सवय लावून घे द्राक्षबाग, आकृती काढताना वस्तूला तिच्या जगातून उचलून कोऱ्या कागदावर एकटी ठेवायची आणि मग विचारायचं, हिला कोण शिवतंय. जेवढे शिवणारे तेवढे बाण, आणि वरून एक पृथ्वीचा बाण. संपलं. "पुढे जाण्याचं बल" असला बाण मुलं हमखास काढतात, वस्तू पुढे चाललीये ना मग पुढे बल असणारच असं वाटतं म्हणून, पण तो बाण लावणारा कोण ते विचारलं की उत्तर नसतं आणि मग बाण खोडावा लागतो.

आमच्याकडचं एक सांगते, कारण इथे आकृती चुकली की माणूस जातो. ५०० किलोचा जॉब, म्हणजे ज्यावर काम चालू आहे तो जड भाग, क्रेनने उचलायचा, हुकातून दोन पायांची स्लिंग, म्हणजे उचलायचा दोर. नवीन मुलगा म्हणतो ५०० भागिले दोन, एका पायावर २५०. पण स्लिंग तिरकी असते, तिच्या ताणाचा फक्त उभा भाग वजन उचलतो. स्लिंग आडव्याशी ६० अंशात असेल तर एका पायातला ताण २८२९ न्यूटन. ३० अंशात आली की ४९००, म्हणजे एकेका पायावर अख्ख्या ५०० किलोचा भार! आणि १५ अंशापर्यंत पसरली तर जवळपास ९५००. जॉब तोच, वजन तेच, स्लिंग आखूड घेतली एवढंच. मी शॉपमध्ये आलेल्या प्रत्येक ट्रेनीकडून हे कागदावर करून घेते, त्याशिवाय क्रेनजवळ जाऊ देत नाही.

रिझल्टवाला

सगळं बरोबर आहे पण पेपरला दोन तासात एवढ्या आकृत्या काढत बसायला वेळ कुठे असतो. मी तर सांगेन की सात-आठ टाइपची गणितं असतात, त्यांचे डायरेक्ट फॉर्म्युले पाठ करावेत. दोरी वर असेल तर एमजी वजा एफ साइन थीटा, ढकलत असेल तर अधिक, उतारावर एमजी कॉस थीटा, लिफ्टला एम कंसात जी अधिक ए, एवढ्यात काम होतं.

सातपूर_शॉपफ्लोअर

रिझल्टवाला, तुम्ही वर जे चार फॉर्म्युले दिलेत ते चारही एकाच ओळीतून निघतात, त्या दिशेतल्या बलांची बेरीज बरोबर एमए, वस्तुमान गुणिले त्वरण. ती ओळ येत असेल तर पाचवा टाइप आला तरी मुलगा अडत नाही. आकृतीला अर्धा मिनिट लागतं हो, खरंच घड्याळ लावून बघा. तो अर्धा मिनिट वाचवायला गेला म्हणून तर याचे आठ मार्क गेलेत.

घाटातली_गाडी

मी इगतपुरीचा, नोकरीला नाशिकला येऊन जाऊन असतो. आमच्या घाटाचं गणित घ्या कोणीतरी, मला याच विषयामुळे तो घाट नव्याने दिसायला लागला. कसारा ते इगतपुरी चढ १ ला ३७ चा आहे, म्हणजे ३७ मीटर गेलं की १ मीटर वर. लाईन १८६५ ची. ऐकायला चढ काहीच नाही, कोन काढला तर दीड अंशाच्या आसपास, रस्त्यावर असला चढ गाडीवाल्याला जाणवणारही नाही. पण समजा गाडी १००० टनांची आहे. उताराच्या दिशेत मागे खेचणारा भाग एमजी साइन थीटा, म्हणजे ९८ लाख न्यूटन भागिले ३७, आले जवळजवळ २ लाख ६५ हजार न्यूटन. सत्तावीस टन वजन दोरीला बांधून विहिरीतून शेंदल्यासारखं, आणि तेही अख्खा घाटभर.

म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागून जादा इंजिनं लावतात, बँकर म्हणतात त्यांना, मागून हलका धक्का बसला की नेहमीच्या प्रवाशाला कळतं बँकर लागला, आणि ती इगतपुरीला सुटतात. मागूनच का, पुढे का नाही, हा प्रश्न मला लहानपणापासून होता. उत्तर डब्यांमधल्या कपलिंगच्या ताणात आहे. सगळी ओढ पुढून असेल तर पहिल्या कपलिंगला मागच्या सगळ्या डब्यांचा भार, २ लाख ६५ हजार, एकट्याला सोसावा लागतो, दुसऱ्याला एका डब्याने कमी, असं करत शेवटच्याला फक्त एका डब्याचा. आता निम्मा जोर मागून दिला तर पहिल्या कपलिंगवरचा ताण निम्मा होतो, आणि गाडीच्या मध्यावर कुठेतरी ताण शून्य, त्याच्या मागचे डबे ओढले न जाता ढकलले जातायत. शिवाय कपलिंग तुटलंच तर मागचे डबे घाटात परत घरंगळत जाऊ नयेत म्हणून मागे आधार. कुठल्या कपलिंगचा ताण काढायचाय त्याप्रमाणे कुठून मागची गाडी "आपली वस्तू" धरायची ते ठरतं, एवढीच त्यातली युक्ती आहे.

आणि धाग्याच्या विषयाबद्दल, या चढावर नॉर्मल किती? एमजी कॉस दीड अंश, म्हणजे एमजीच्या ९९.९६ टक्के. इथे एन बरोबर एमजी लिहिलंत तरी उत्तरात चूक दिसणार नाही. मला वाटतं ही सवय टिकून राहते ती यामुळेच, दहापैकी आठ ठिकाणी ती खपून जाते.

वाचनमात्र

घाटाची पोस्ट फारच आवडली. गेली वीस वर्षं तो धक्का खातोय, असा विचार कधी केला नव्हता.

सिडकोवाली

मी दोन वर्षांपूर्वी बीएस्सी केलं. नॉर्मल बदलतो हे मला कागदावर नाही, कालिकामातेच्या यात्रेत कळलं, खरंच सांगतेय. नवरात्रात जुन्या आग्रा रोडला यात्रा भरते तिथल्या मोठ्या पाळण्यात बसले होते. पाळणा वरून पलीकडे खाली यायला लागतो तेव्हा पोटात गोळा येतो ना, आणि बुडाखालची सीट हलकी होते, आणि अगदी खाली आलं की तीच सीट खालून जोरात दाबते. घरी येऊन लिहून काढलं. गोल फिरणाऱ्याचं त्वरण केंद्राकडे असतं, व्ही वर्ग भागिले आर, व्ही म्हणजे वेग आणि आर म्हणजे त्रिज्या. सगळ्यात वर असताना केंद्र खाली, म्हणून एमजी वजा एन बरोबर एम व्ही वर्ग भागिले आर. खाली असताना केंद्र वर, म्हणून एन वजा एमजी बरोबर तेवढंच.

आकडे घाला, त्रिज्या ८ मीटर, १० सेकंदाला एक फेरी, वेग आला साधारण ५ मीटर प्रति सेकंद, केंद्राकडचं त्वरण ३.१६. माझं वजन ५० किलो धरा, म्हणजे एमजी ४९०. वर असताना सीट रेटते ३३२ न्यूटनने आणि खाली ६४८ ने, जवळपास दुप्पट. पृथ्वी बिचारी दोन्हीकडे ४९० नेच ओढतेय, ती काही बदलली नाही. आपल्याला स्वतःचं वजन म्हणून जे जाणवतं तो एन असतो, एमजी कधी जाणवतच नाही. आणि कृपा करून "अपकेंद्री बल" बाहेर फेकतं असा बाण आकृतीत काढू नका, वर ताईंनी सांगितलंय तसं विचारा, तो बाण लावतंय कोण? जमिनीवर उभं राहून पाळण्याकडे बघणाऱ्याच्या आकृतीत दोनच बाण, पृथ्वी आणि सीट.

मेरीतला_गणितवाला

चर्चा छान चालू आहे, त्यात गणिताच्या बाजूने थोडी भर घालतो कारण द्राक्षबाग बीएस्सीला आहे आणि पुढे त्याला हे लागणारच.

शाळेत व्ही बरोबर यू अधिक एटी इतकं घोटून घेतात की मुलांना तोच निसर्गाचा नियम वाटतो. तो नियम नाही, त्वरण स्थिर असेल तेव्हाचं एक उत्तर आहे फक्त. नियम म्हणजे वेगाचं विकलन (वेग बदलण्याचा दर) गुणिले वस्तुमान बरोबर एकूण बल. न्यूटनने १६८७ मध्ये मांडलं ते "गतीतला बदल बलाच्या प्रमाणात" अशा शब्दांत, आणि आपण आज तीन अक्षांवर तीन विकल समीकरणं लिहितो ती रीत ऑयलरने १७५० च्या सुमारास पक्की केली. म्हणजे मधे साठेक वर्षं गेली, त्यामुळे पहिल्या सेमिस्टरला कळलं नाही तर काही बिघडत नाही.

हा फरक कुठे दिसतो, तर पावसात. हजार मीटरवरून थेंब पडला आणि व्ही वर्ग बरोबर २ जीएच लावलं तर वेग येतो १४० मीटर प्रति सेकंद, ताशी ५०० किलोमीटर. त्र्यंबकला श्रावणात बाहेर पडलेला माणूस चाळण होऊन घरी आला असता. प्रत्यक्षात मोठा थेंब सेकंदाला ९ मीटरच्या आसपास येतो, कारण हवेचा विरोध वेगाबरोबर वाढतो, मोठ्या थेंबाला तर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. समीकरण असं, एम गुणिले वेगाचं विकलन बरोबर एमजी वजा के व्ही वर्ग, के हा हवेच्या विरोधाचा स्थिरांक. न सोडवताही अर्धं उत्तर हातात येतं, वेग वाढतो तसा विरोध वाढतो, एका वेगाला दोन्ही सारखे होतात, त्वरण शून्य, आणि पुढे थेंब त्याच वेगाने येत राहतो. सोडवलंत तर हायपरबोलिक टॅन येतो, आणि अंतिम वेग ९ धरला तर दोनच सेकंदांत थेंब त्या वेगाच्या ९७ टक्क्यांवर पोचलेला असतो. द्राक्षबाग, हे व्हेरिएबल सेपरेट करून स्वतः कर, पार्शियल फ्रॅक्शन लागेल, तुला येतं ते.

आणि दुसरा गृहपाठ. तुझ्याच पेपरातल्या गणितात दोरीचा कोन तुला निवडता आला असता तर क्रेट कमीत कमी बलाने हलवायला कोणता कोन घेशील?

द्राक्षबाग

सगळ्यांचे खूप आभार. शनिवार-रविवार घरी गेलो होतो म्हणून उशीर झाला लिहायला.

थेंबाचं झालं सर, एकदा चिन्ह चुकलं पण आलं. कोनाचंही केलं. क्रेट हलायच्या बेताला एफ कॉस थीटा बरोबर मू कंसात एमजी वजा एफ साइन थीटा, त्यातून एफ काढला तर वर मू एमजी आणि खाली कॉस थीटा अधिक मू साइन थीटा. खालचं जास्तीत जास्त व्हायला हवं, विकलन शून्य धरलं, आलं टॅन थीटा बरोबर मू. घर्षणांक ०.३ असेल तर कोन १६.७ अंश, बल ५६.३. आडवं ओढलं तर ५८.८. फरक फार नाही.

मग वाटलं आमच्या शेडमध्ये खरंच किती येतंय बघू. आमच्याकडे हुकाला लटकवायचा डिजिटल काटा आहे, त्यावर क्रेट आधी बरोबर २० किलोचा भरून घेतला, मग काटा दोरीत अडकवून हळूहळू ओढला, आणि बहिणीने मोबाइलवर आकड्याचा व्हिडिओ घेतला. आडवं ओढल्यावर साडेअकरा किलोला हलला, म्हणजे आमच्या कोब्यावर मू ०.५७५. त्या हिशोबाने सगळ्यात सोपा कोन ३० अंश यायला हवा आणि तिथे १० किलोत काम व्हायला हवं. कंपासमधला कोनमापक लावून ३० अंशात पाच वेळा ओढला, ९.७ ते १०.४ च्या मधे आलं. मग ६० अंशात. सूत्रात परत ११.५ येतं, आडव्याइतकंच, मला ते खरं वाटत नव्हतं कारण तेवढ्या उभ्या दोरीने तर क्रेट उचलायला मदत जास्त होते. काट्यावर आलं ११.३.

वडील शेजारी उभे राहून बघत होते. म्हणाले दोरी कमरेला धरून ओढायची, खांद्यावर घ्यायची नाही, हे आम्हाला कोणी शिकवलं नाही पण हाताला कळतं. आमच्या क्रेटला दोरी जेवढी लांब बांधतात तेवढ्यात कमरेला धरली तर कोन किती होतो ते मी मग मोजलं, २८ आला.

पंचवटीकर

पेपर घेऊन सरांकडे जा आणि हे सगळं त्यांना दाखव. मार्क वाढवून मागू नकोस, नुसतं दाखव. आणि व्हिडिओ इथे टाक, आम्हाला बघायचाय.